बोटीला चाक नसतं

"मांगं सरका बे सगळे, मांगं सरका. करवंटी उडून डोळ्यात गेली तं मंग मले सांगू नोका."

मामा ओरडत होते. अकोल्याच्या जुन्या शहरातली गल्ली, त्यांच्या फुलांच्या दुकानाची पायरी, दोन स्टुलांवर आडवी ठेवलेली माझी बोट, आणि मामांचा उजवा हात कानाच्या मागे गेलेला. त्या हातात सोललेला, शेंडी राखलेला नारळ. मी बोटीपासून हातभर अंतरावर होतो, पण गळ्यात इतके हार पडले होते की डोळ्यांपर्यंत झेंडू आणि तोंडात शेवंती. "मामा, थांबा" असं मी म्हणालो. ते शेवंतीनंच ऐकलं असेल. त्याच घटकेला डफडेवाल्यानं असा तडाखा दिला की मोर्णा नदीच्या पलीकडची कबुतरंसुद्धा उडाली.

नारळ बोटीच्या नाकावर बसला. एका घावात दोन भकलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मामांनी दोन्ही भकलं उलटून आतलं पांढरंशुभ्र खोबरं आधी डावीकडच्या लोकांना दाखवलं, मग उजवीकडच्या, मग वरच्या गच्चीवरच्या बायकांना.

"चांगला निघाला," ते म्हणाले. "पाहून घ्या. एक डाग नाही."

सगळे नारळ पाहत होते. मी बोटीचं नाक पाहत होतो. तिथे एक चांदणी उमटली होती, मोटारीच्या काचेवर खडा बसला की उमटते तशी, आणि नारळाचं पाणी त्या चांदणीतून हळूहळू आत जात होतं.

बोट म्हटलं की आमच्या वऱ्हाडात लोकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. सिनेमातलं जहाज, नाही तर नदीतला डोंगा. माझी बोट यातली कोणतीच नव्हती. तिला कयाक म्हणतात. लांबीला बैलजोडी जुंपलेल्या छकड्याएवढी, रुंदीला माझ्या कमरेएवढी, आणि वजनाला अशी की एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं बिडी शिलगवावी. पाय पुढे पसरून बसायचं, तोंड जायच्या दिशेला, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. बूड असं गोल की बसणाऱ्यानं डावीकडे भांग पाडला तर बोट डावीकडे उलटते. शिकायला लागलो तेव्हा मी धरणाचं इतकं पाणी प्यालो की खालच्या शेतकऱ्यांना कालव्याची पाळी उशिरा मिळाली. हे ते शेतकरीच सांगतात, मी नाही.

आणि ती फुटते. हे मुख्य. ती बनलेली असते कार्बनच्या धाग्यांची, पापडासारखी पातळ. पाण्यावर ती वाघीण, जमिनीवर अंडं. हे मी गल्लीत प्रत्येकाला सांगितलं होतं. पण आमच्या गल्लीत एवढ्या लांबून आलेली, एवढं नाव झालेली वस्तू नाजूक असू शकते यावर कोणाचा विश्वास नव्हता. नाव झालं म्हणजे मजबूतच असणार, नाही तर नाव कशाला होईल?

मी मूळचा अकोल्याचा नाही. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपूरच्या खालच्या अंगाला, वर्धा नदीच्या काठी. नदी आटायला लागली की माझा बाप वाळूत डांगरवाडी लावायचा. खरबुजं, काकड्या, टरबुजं. पलीकडच्या काठाकडे वाळू चांगली, पण मधे पाण्याची धार, म्हणून डोंगा. मी चालायच्या आधी वल्हवायला शिकलो असं माझी माय सांगते. माय माझ्यापेक्षा जास्त फेकते, तेव्हा त्यातलं अर्धं धरा. पण कौंडण्यपूरच्या जत्रेत मी डोंग्यानं पुलावरच्या लाल गाडीला हरवलं, ते मात्र पूर्ण खरं आहे. मधे गाडी पंक्चर झाली होती असं काही लोक सांगतात. त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

त्या जत्रेत काठावर एक मिशावाले गृहस्थ कुल्फी खात उभे होते. फौजेतून निवृत्त झालेले, अकोल्यात घर केलेले, आणि काटेपूर्णाच्या धरणावर पोरांना कयाक शिकवणारे. माझे सर. त्यांनी मला हाक मारून विचारलं, "किसने सिखाया?"

"टरबुजांनं," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. आयुष्यात मी त्यांना हसताना दोनदाच पाहिलं, आणि त्यातलं एकदा दाढ दुखत होती म्हणून तोंड वाकडं झालं होतं. त्यांनी माझे दंड चाचपले, खांदे चाचपले, बैल घेणारा चाचपतो तसे, आणि माझ्या बापाला सांगितलं की हा पोरगा मला द्या.

बाप म्हणाला, "घेऊन जा. पन आधी घरी येऊन याच्या मायले समजावून सांगा."

मायला समजावायला मामा आले. मायचा धाकटा भाऊ. जुन्या शहरात त्यांचं हारफुलांचं दुकान, वर राहायची जागा. "पोट्टं माझ्यापाशी राहील," ते म्हणाले, आणि मी राहिलो. त्या घरात मी इतकी वर्षं जेवलो की मामीच्या पोळपाटाचा मधला भाग माझ्यामुळे खोल गेला. पहाटे शेवंती निवडायची, मोगऱ्याचे गजरे बांधायचे, मग सायकल मारत धरणावर. मोर्णा घरामागून वाहत होती, पण मोर्णेत कयाक चालवणं म्हणजे गादीवर नांगर धरणं. जलकुंभी एवढी दाट की आमच्या गल्लीतली एक बकरी चालत पलीकडे गेली आणि सहा महिन्यांनी दोन पिल्लं घेऊन चालत परत आली. पाय भिजले नव्हते.

मामांना माझ्या खेळातलं काही कळत नव्हतं, पण माझं कौतुक त्यांच्याइतकं कोणी केलं नाही. गिऱ्हाईक मयताचा हार न्यायला आलं तरी त्याला माझ्या पदकाची हकिकत ऐकूनच जावं लागे. मी राज्यात पहिला आलो तेव्हा मामांनी गल्लीत मिठाई वाटली. देशात पहिला आलो तेव्हा त्यांनी दुकानावर माझा फोटो लावला, देवाच्या फोटोच्या अर्धा वीत खाली. पुढच्या वर्षी पुन्हा पहिला आलो, तर फोटो देवाच्या बरोबरीनं वर सरकला. आणखी एकदा जिंकलो असतो तर देवाला जागा सोडावी लागली असती.

देशात पहिला म्हणजे काय ते सांगतो. पाचशे मीटर. दोन मिनिटांच्या आत सगळं संपतं. त्यासाठी वर्षभर रोज इतकं वल्हवायचं की हाताला घट्टे पडून तळवा दगडासारखा होतो; मी तर गरम तवा चिमट्याशिवाय उचलायचो. आणि ते जिंकून आल्यावर आपल्या मुलखात काय होतं? सत्कार होतात. तेल्हाऱ्याला जिनिंगच्या मोकळ्या शेडमध्ये माझा सत्कार झाला. मागच्या फलकावर माझ्या तोंडाखाली मोटरबोट जोडली होती. प्रमुख पाहुण्यांनी मला शाल घातली आणि माईकवर सांगितलं की हा आपल्या भागातला महान जलतरणपटू असून तो पाण्याखाली एक तास श्वास रोखून राहतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नमस्कार केला. बोलायला उभा राहिलो तेव्हा जेवणाची पंगत बसली होती.

तिथून पुढे माझा खरा सरकारी उपयोग सुरू झाला. गणपती बुडवायच्या दिवसांत, पुराच्या दिवसांत, कोणी बुडालं की तहसीलीतून मला फोन. "तुमी ते पान्यातले चॅम्पियन ना? एक बॉडी सापडत नाही." मी सांगायचो, साहेब, मी पाण्यावरचा आहे, खालचा नाही. पलीकडून म्हणायचे, "मंग वरून तं पाहा." मी जात होतो. वर्धेत गेलो, पूर्णेत गेलो, एकदा एका विहिरीवरही बोलावलं. देशातल्या सगळ्यात वेगवान माणसाला विहिरीच्या काठावर उभं करून लोक आशेनं त्याच्या तोंडाकडे पाहत होते.

अशात ती बोट आली.

भारताच्या संघाची निवड भोपाळच्या तलावावर व्हायची होती. परदेशातली मोठी स्पर्धा, आणि माझ्या शर्यतीसाठी एकच जागा. माझी धरणावरची बोट जुनी, जड, जागोजागी ठिगळं लावलेली. तिच्यात बसून मी देश जिंकला होता, पण आता समोरचे सगळे नव्या कार्बनच्या बोटी घेऊन येणार होते. सरांनी कधी कोणापुढे हात पसरला नव्हता. या वेळी त्यांनी फौजेतल्या जुन्या सोबत्यांना फोन केले, मिनतवाऱ्या केल्या, आणि दूरच्या एका केंद्रातून युरोपात बनलेली बोट तेवढ्यापुरती मागून आणली. पांढरी, नाकाशी निळी रेघ. मी तिच्यात पहिल्यांदा बसलो आणि दोन हात मारले, तर धरणाचा पलीकडचा काठच माझ्याकडे आला. वल्हं न मारताही ती जाते की काय असं वाटायचं. काठावर आलो तेव्हा सर म्हणाले, "अब तेरे पास बहाना नहीं है." त्यांच्या तोंडून हे म्हणजे आशीर्वाद. मग म्हणाले, "उमर भी नहीं है. यही मौका है." तेही खरं होतं. पुढच्या निवडीपर्यंत माझ्या खांद्यांनी माझं ऐकलं नसतं, आत्ताच रात्री ते आपसात कुरकुरत होते.

भोपाळला जायच्या आदल्या दिवशी बोट गाडीच्या टपावर बांधून धरणावरून अकोल्यात आणली. ती सरांच्या घरी राहणार होती. पण मामा सकाळपासून सरांच्या फाटकात उभे.

"गल्लीले दाखवल्याबिगर बोट चालली कुठी?" ते म्हणाले. "नारळ फोडल्याबिगर आमी सायकल बाहेर काढत नाही, अन् हे तं इंडियाचं वाहन."

सर अकोल्यात राहूनही मराठी कमी बोलायचे, पण नारळ हा शब्द त्यांना कळला. फौजेतही फोडतात. त्यांनी मान हलवली. एक तास, म्हणाले. फक्त एक तास.

आता मामांच्या नारळाबद्दल सांगायला हवं, नाही तर पुढचं कळणार नाही. जुन्या शहरात नवं वाहन आलं की मालक आधी मामांकडे येतो. ऑटो, ट्रॅक्टर, बोअरवेलची गाडी, पिठाची चक्की, एकदा शववाहिनीसुद्धा. मामा स्वतःच्या दुकानातला नारळ निवडतात, कानाशी धरून हलवतात, आतल्या पाण्याचा आवाज ऐकतात. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो, तेवढ्याच गंभीर चेहऱ्यानं. मग वाहनाला हार, चाकाखाली लिंबू, चाकापुढे दगड, तीन वेळा ओवाळणं आणि दगडावर एकच घाव. नारळ चांगला निघाला की वाहन चांगलं जाणार. कुजका निघाला तर मालकानं त्या दिवशी वाहन हलवायचं नाही. मामांनी नारळ फोडलेल्या वाहनाला अपघात झालेला नाही, असा त्यांचा लौकिक. एखाद्याला झालाच, तर त्यानं नंतर टायर बदलले होते.

गाडी गल्लीच्या तोंडाशी अडली. त्या गल्लीत दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला माघारी जावं लागतं. म्हणून चौघांनी बोट खांद्यावर घेतली. मामांनी तिच्यावर नाकापासून शेपटीपर्यंत झेंडूच्या माळा टाकल्या होत्या. पुढे डफडं, मागे लोक. कोपऱ्यावरच्या घरातून एक म्हातारी उंबऱ्यात आली, पदर डोक्यावर ओढला आणि हळूच विचारलं, "कोन गेलं गा?"

"कोनी नाही गेलं मावशी," मामा म्हणाले, "भाचा चालला, इंडियाकून."

म्हातारीनं तरी हात जोडले. मी तेव्हा हसलो होतो. सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो.

बोट स्टुलांवर ठेवली. मामा ताटात हळदकुंकू, लिंबं आणि नारळ घेऊन आले, आणि वाकून बोटीखाली पाहू लागले. या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं.

"याले चाक कुठी हाय?"

"मामा, बोट आहे. बोटीले चाक नसते."

"मंग लिंबू कुठी ठेवू?"

"ठेवू नका."

"अन् नारळ?"

"दगडावर फोडा ना."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पायातला जोडा देवळात नेला होता. "दगड चाकापुढं ठेवतेत लेका. चाकच नाही तं दगड कशापुढं ठेवू? असाच रस्त्यावर फोडला तं तो रस्त्याचा नारळ झाला, बोटीचा कसा होईल?"

बोटीपुढे ठेवून त्यावर फोडायला मी आतून पाट आणतो म्हणालो, पण तेवढ्यात वॉर्डातले मान्यवर हार घेऊन आले. एक हार, दुसरा हार, प्रत्येकाबरोबर एक फोटो, आणि मी झेंडूत बुडत असताना मामांनी आपला प्रश्न आपल्या मनाशी सोडवला. बोअरवेलच्या गाडीचा नारळ ते तिच्या लोखंडी तोंडावर फोडायचे. बोटीलाही तोंड होतं.

पुढचं सुरुवातीला सांगितलंच.

हार काढून मी मामांना ती चांदणी दाखवली. त्यांनी बोटानं तिच्यावर कुंकू लावलं. "पानी अंदर गेलं तं चांगलंच," ते म्हणाले, "प्रसाद हाय." मामीनं खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. माझ्या हातावर मोठा तुकडा ठेवला. मी खाल्ला. गोड होता, हे मला कबूल करायला हवं.

सरांनी बोट पाहिली आणि चांदणीवरचं कुंकू अंगठ्यानं पुसलं. मग एक शब्द बोलले. तो फौजेतला आहे, पुस्तकात बसणार नाही. भोपाळला पोचल्यावर त्यांनी स्वतः काचकापड आणि रसायन लावून ठिगळ बसवलं, घासून गुळगुळीत केलं, वर निळी रेघ रंगवली. "पकड लेगा," म्हणाले. बोटीला म्हणाले की मला, ते कळलं नाही.

प्राथमिक फेरीत ठिगळानं पकडलं. मी सगळ्यांच्या इतका पुढे होतो की मागच्यांचा श्वास ऐकू येत नव्हता. उपान्त्य फेरीतही पकडलं. अंतिम शर्यतीच्या आधी आम्ही रेषेवर बोटींत थांबलो होतो. वारा होता, लाटा नाकावर आपटत होत्या, सुरुवात लांबत होती. तेव्हा मला मांडीखाली गार लागलं. थोडंसं पाणी. वल्ह्याचे शिंतोडे असतील, असं मी स्वतःला सांगितलं. माणूस स्वतःला किती सहज सांगतो.

अर्ध्या अंतरापर्यंत मी पहिला होतो. हे मी फेकत नाही. यातला एक शब्दही वाढवलेला नाही. मग ठिगळाचा एक कोपरा सुटला. पाण्याखाली एवढंसं कापड फडफडायला लागलं की त्या वेगाला कोणी मागून शेपटी धरून ओढतंय असं होतं. नाक खाली गेलं. प्रत्येक हाताबरोबर मी पुढे जात होतो आणि बोट खाली जात होती. डाव्या बाजूनं दुसऱ्या राज्याचा एक पोरगा आला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या बोटीच्या नाकाकडे पाहिलं. कयाकच्या शर्यतीत माणूस रेषेला लागत नाही, नाक लागतं. ज्याचं नाक आधी, तो पहिला. त्याचं नाक माझ्या नाकाच्या बोटभर पुढे होतं.

जागा एकच होती.

तो पोरगा परदेशात गेला आणि तिथे शेवटून दुसरा आला. मी गेलो असतो तर कदाचित शेवटचा आलो असतो. पण तिथे जाऊन शेवटचं यायचा हक्क माझा होता. तो मी वर्षानुवर्षं तळवे सोलून मिळवला होता, आणि तो गल्लीत, टाळ्यांच्या गजरात, खोबऱ्याबरोबर वाटून टाकला गेला.

अकोला स्टेशनवर मामा हार घेऊन उभे होते. हरून आलेल्याला हार घालणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "बोटभर." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि रिक्षात बसेपर्यंत हकिकत तयार केली. पंच फितूर होते. गल्लीत पोचेपर्यंत त्या पंचांना तो पोरगा जिंकवायला वरून फोन आला होता. आठवडाभरात तो फोन दिल्लीहून आलेला होता, आणि दिवाळीपर्यंत मामा स्वतः भोपाळला काठावर उभे राहून पंचांशी भांडले होते. लोक मला विचारायचे, खरं का? मी मान हलवायचो. मी फेकणारा म्हणून गल्लीत प्रसिद्ध, पण मामांपुढे मी विद्यार्थी. आणि खरं सांगायचं कोणाला? ज्या माणसाच्या घरच्या पोळ्यांवर माझे खांदे तयार झाले, त्याला सांगायचं की माझी जागा तू फोडलीस? मी जेवायला बसायचो, मामी वाढायची, मामा पंचांना शिव्या द्यायचे, आणि मी माझीच हार दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकत वरण भुरकायचो.

सरांनी बोट परत पाठवली. ठिगळासकट. त्या केंद्रानं नंतर त्यांना काही दिलं नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही. ते आपल्या मुलखाकडे निघून गेले. जाताना मला म्हणाले, "नारियल में तेरी ग़लती नहीं थी." मग थोडं थांबून, "किसी की नहीं थी. यही तो मुसीबत है."

पुढच्या हंगामात डावा खांदा गेला. त्याच्या पुढच्या हंगामात उजवा. फोटो दुकानात हळूहळू खाली सरकला, आणि एक दिवस त्याच्या जागी बँकेचं कॅलेंडर आलं.

आता मी अमरावतीला एका तलावावर असतो. ठेकेदारानं तिथे हंसाच्या आकाराच्या पायडलबोटी ठेवल्या आहेत. मी जोडप्यांना जाकिटं घालून देतो, शिटी वाजवतो, आणि वेळ संपली की हात हलवून बोलावतो. हंस इतके सावकाश जातात की एक जोडपं लग्न ठरायच्या आधी बसलं आणि बारशाच्या तयारीत उतरलं. परवा एका पोरीनं जाकिटाचा बंद बांधताना विचारलं, "काका, तुम्हाला पोहता येतं ना?" मी म्हणालो, थोडं थोडं. तहसीलीचे फोन अजून येतात. मी अजून जातो.

या वर्षी ठेकेदारानं नवा हंस आणला. चांगला मोठा, चार माणसांचा, लाल चोचीचा. पूजा करू म्हणाला. मी मामांना कळवलं नव्हतं, पण माझ्या माणसांत बातमीला वारा पुरतो. मामा सकाळच्या गाडीनं अकोल्याहून आले. थकलेत आता. पिशवीत हार, लिंबं, स्वतःच्या दुकानातला नारळ. काठावर उभ्या केलेल्या हंसाभोवती ते एक फेरी मारून आले. चाक शोधलं नाही. सरळ चोचीसमोर जाऊन उभे राहिले, नारळ कानाशी धरून हलवला, आणि हात कानामागे नेला.

मी त्यांच्या आणि चोचीच्या मधे गेलो. हातात एक दगड होता, काठावरचा. तो मी त्यांच्या पायाशी ठेवला.

"यावर फोडा मामा."

"काहून?" मामा म्हणाले. "बोटीचा नारळ बोटीवरच फोडावा. विसरला काय, तुया बोटीचा कसा फोडला होता?"

"नाही विसरलो," मी म्हणालो. आणि मग इतकी वर्षं पोटात होतं ते बाहेर आलं, काही न वाढवता, सरळ. ठेकेदार बाजूला फोनवर होता. मी मामांना सांगितलं की बोटीचं नाक त्या नारळानं फुटलं होतं. सरांनी लावलेलं ठिगळ शर्यतीत सुटलं, आत पाणी गेलं, मी बोटभरानं हरलो. पंच चांगले होते. कोणाचा फोन आला नव्हता. माझी जागा गल्लीतच गेली होती, भोपाळला मी फक्त ती गेल्याची पावती आणायला गेलो होतो.

मामा ऐकत होते. हात खाली आला होता. त्यांनी दगडाकडे पाहिलं, हंसाच्या चोचीकडे पाहिलं, मग तलावाकडे पाहिलं, जिथे एक जोडपं गोल गोल फिरत होतं. नारळ त्यांनी पुन्हा एकदा कानाशी धरून हलवला, जणू उत्तर त्यात असेल. मला वाटलं, ते रडतील. मला वाटलं, ते मला शिवी देतील. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं.

"पन नारळ तं चांगला निघाला होता," मामा म्हणाले.